अ‍ॅम्प्लिफायरचे आकडे आणि कानाची साक्ष

"आवाज मीटरनं नाही, कानानं ऐकायचा असतो." हे वाक्य हल्ली इतक्या वेळा कानावर पडतं की त्याची म्हण व्हायची बाकी आहे. महागडा अ‍ॅम्प्लिफायर विकणारा दुकानदार ते म्हणतो, यूट्यूबवर परीक्षण करणारा म्हणतो, आणि हप्त्यावर सेट घेऊन आलेला ग्राहकही मान डोलवत तेच म्हणतो. वाक्य ऐकायला गोड आहे. पण एकदा ते मान्य केलं की विकणाऱ्याला कसलाच पुरावा द्यावा लागत नाही. तुम्हाला फरक ऐकू आला तर त्याचा माल भारी, आणि नाही आला तर तुमचा कान कच्चा. दोन्हीकडून जिंकणारा हा डाव आहे.

दुसरीकडे आकड्यांचे भक्त आहेत. यांच्या एका अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन ०.०१ टक्के, दुसऱ्याचं ०.०००५ टक्के. मग दुसरा वीस पट चांगला, संपला विषय. गाणं लावून ऐकण्याची त्यांना गरज वाटत नाही.

मला या दोघांशीही भांडायचं आहे, पण सारख्या जोरानं नाही. आकड्यांचा भक्त फार तर स्वतःचे पैसे वाया घालवतो. पहिला मात्र दुसऱ्याच्या खिशात हात घालतो, आणि वर तुमच्या कानाचा अपमान करतो.

मी इंजिनियर नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो, आणि सोल्डरिंगचा नाद आहे. पण या भांडणाची किल्ली मला इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकापेक्षा बी.एड.च्या 'मापन आणि मूल्यमापन' या विषयात जास्त दिसते. त्यात चांगल्या चाचणीच्या दोन अटी घोकून घेतलेल्या असतात. एक विश्वसनीयता: तीच गोष्ट पुन्हा मोजली तर तेच उत्तर यायला हवं. दुसरी सप्रमाणता: जे मोजायचं म्हणता तेच मोजलं जायला हवं. पट्टी घेऊन मुलाच्या अक्षराची उंची मोजली तर आकडा दहा वेळा तोच येईल. पण त्यावरून त्याला गझल समजली का, हे कळणार नाही. ती चाचणी विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही.

अ‍ॅम्प्लिफायरच्या वादात नेमकं हेच झालंय. कंपनीनं छापलेला आकडा बहुधा विश्वसनीय असतो, पण कानाला जे जाणवतं तेच तो मोजतो का, याची खात्री नसते. कानाची साक्ष मुळातच सप्रमाण असते, कारण शेवटी ऐकायचंच तर असतं. पण डोळे उघडे ठेवून, किंमत माहीत असताना घेतलेली ती साक्ष अजिबात विश्वसनीय नसते. एकाची कमतरता दाखवून दुसऱ्याला खरं ठरवणं ही दलील नव्हे. दोघांनाही दुरुस्त करावं लागतं, आणि ते करण्याच्या पद्धती आपल्या जन्माआधीपासून माहीत आहेत.

अ‍ॅम्प्लिफायरचं काम तसं एका ओळीचं आहे. लहान सिग्नल घ्यायचा आणि मोठा करून स्पीकरला द्यायचा. स्वतःचं काही घालायचं नाही, त्यातलं काही खायचं नाही. तो बिघडवू शकतो त्या गोष्टीही मोजक्याच: खरखर किंवा गुणगुण घालतो, मूळ सुरात नसलेले सूर घालतो, काही पट्ट्यांमधला आवाज कमीजास्त करतो, किंवा त्याची ताकद संपते आणि आवाज फाटतो. यातलं काहीही असं नाही की जे यंत्राला पकडता येत नाही. उलट कानाच्या कितीतरी पट सूक्ष्म दोष यंत्र पकडतं. तेव्हा 'मोजता येतं का' हा प्रश्नच नाही. कुठल्या मापाचा अर्थ काय, हा प्रश्न आहे.

सगळ्यात उघड लबाडी वॉटमधली. नव्वदच्या दशकात ज्यांनी टू-इन-वन घेतले त्यांना 'पीएमपीओ' हा शब्द आठवत असेल. प्लास्टिकच्या डब्यावर चकचकीत स्टिकर: १००० वॉट पीएमपीओ. आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेला विजेचा वापर जेमतेम काही दहा वॉट. भिंतीतून तीस वॉट घेणारा डबा स्पीकरला हजार वॉट कुठून देणार? पीएमपीओ मोजण्याची कोणतीही मान्य पद्धत नव्हती. विक्री विभागाला जो आकडा शोभेल तो छापायचा.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेतही वॉटचे असेच फुगे सुटले होते. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये नियम करावा लागला: वॉट सांगायचे तर सलग मिळणारे सांगा, किती ओहमवर ते सांगा, कोणत्या सुरापासून कोणत्या सुरापर्यंत ते सांगा, आणि त्या वेळी डिस्टॉर्शन किती होतं तेही सांगा.

आज स्टिकर गेले, पण युक्ती तीच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या क्लास-डी बोर्डांवर बहुतेक टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप असते. कंपनीच्या कागदावर ती ४ ओहमला दोन्ही चॅनलवर ५०-५० वॉट देते. पण कुठल्या अटीवर? दहा टक्के डिस्टॉर्शनवर. आपल्या गल्लोगल्लीतल्या असेंबल्ड अ‍ॅम्पमध्ये वर्षानुवर्षं बसवलेली सान्योची ४४४० आयसी ब्रिजमध्ये १९ वॉट देते, तेही दहा टक्क्यांवरच. दहा टक्के म्हणजे लाटेची टोकं कापली गेलेली असतात, आवाज सरळ फाटलेला असतो. स्वच्छ आवाज हवा तर त्याच चिपचे साधारण पाव भाग वॉट वजा करा. आणि त्या '१०० वॉट' बोर्डासोबत विक्रेता २४ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर देतो तेव्हा साधा गुणाकार करा. अठ्ठेचाळीस वॉट. अ‍ॅडॉप्टरमध्येच नाहीत ते वॉट स्पीकरला मिळत नसतात.

शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबलनं वाढतो, जेमतेम नजरेत भरेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा पट वॉट लागतात. पन्नासऐवजी साठ वॉटसाठी जास्त पैसे मोजणारा माणूस एका डेसिबलपेक्षाही कमी फरक विकत घेत असतो.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पीएमपीओचा फुगा कोणाच्या सोनेरी कानानं फोडलेला नाही. मीटरनं फोडला. 'आकडे खोटे असतात' म्हणणारे हे विसरतात की खोटा आकडा पकडायलाही खरा आकडाच लागतो.

आता टीएचडीकडे येऊ. एकूण हार्मोनिक डिस्टॉर्शन. अ‍ॅम्पला १००० हर्ट्झचा शुद्ध सूर द्यायचा. तो मोठा होऊन बाहेर आला की त्याच्यासोबत २०००, ३०००, ४००० असे पटीतले आगंतुक सूर किती आले ते बघायचं. त्या सगळ्यांची गोळाबेरीज मूळ सुराच्या किती टक्के, तो टीएचडी. मोजायला सोपा, छापायला सोपा, जाहिरातीत शोभणारा. आणि सगळा घोळ याच आकड्यात आहे.

साठच्या दशकात व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले. कागदावर नव्या अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन जुन्यापेक्षा कमी होतं. ऐकणारे मात्र तक्रार करत होते की आवाज कोरडा आहे, टोचतो. इंजिनियर म्हणत होते, आकडा बघा. आकडाही खरा होता आणि तक्रारही खरी होती. या अ‍ॅम्पमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना, लाट शून्यातून जात असते तिथे, एक बारीक अडखळ राहते. याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. आवाज मोठा असेल तर ही अडखळ टक्केवारीत नगण्य. आवाज लहान असेल तर तीच अडखळ लाटेचा मोठा हिस्सा खाते. कंपन्या डिस्टॉर्शन मोजत होत्या पूर्ण ताकदीला, आणि लोक घरात ऐकत होते एका वॉटला किंवा त्याहून कमीला. वर या अडखळीतून जे सूर निघतात ते दुसऱ्या-तिसऱ्या पटीत थांबत नाहीत, सातव्या, नवव्या, अकराव्या पटीपर्यंत जातात.

हे महत्त्वाचं का? कारण आपला कान सगळे आगंतुक सूर सारखे ऐकत नाही. मोठा सूर आपल्या शेजारच्या लहान सुरांना झाकून टाकतो. बाजूच्या घरात लग्नाचा बँड वाजत असताना आपल्या घरातली कुजबूज ऐकू येत नाही, तसं. दुसऱ्या पटीचा सूर मूळ सुराच्या सावलीत बराचसा लपतो, आणि कळला तरी तो बरोबर एक सप्तक वरचा असतो, खटकत नाही. अकरावी पट त्या सावलीच्या कितीतरी बाहेर, उघड्यावर पडते. थोडीशी असली तरी टोचते.

ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती असंही नाही. बीबीसीचे डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं की सगळ्या हार्मोनिकना एकाच मापानं तोलू नका, वरच्यांना जास्त वजन द्या. पटीच्या आकड्याचा वर्ग करा आणि चारानं भागा. म्हणजे दुसऱ्याला वजन १, तिसऱ्याला सव्वादोन, दहाव्याला २५. साधा गुणाकार होता. पण उद्योग बिनवजनाचा टीएचडीच छापत राहिला. १९७० मध्ये फिनलंडच्या मत्ती ओताला यांनी दाखवलं की स्थिर सुरावर सभ्य वागणारा अ‍ॅम्प अचानक उसळणाऱ्या आवाजावर अडखळू शकतो, कारण त्याची धाव पुरत नाही. २००३ मध्ये अर्ल गेडेस आणि लिडिया ली यांनी लोकांना वेगवेगळ्या प्रकारचं डिस्टॉर्शन ऐकवलं आणि त्यांचं मत टीएचडीशी ताडून पाहिलं. साध्या टीएचडीवरून लोकांना काय वाईट वाटेल हे सांगता येत नाही, आणि कानाच्या वागण्याचा हिशेब धरून बनवलेल्या मापावरून बरंच सांगता येतं, असं त्यांना दिसलं.

इथे कानवाले टाळ्या वाजवतील. बघा, आकडा हरला! थांबा. हरला तो एक आकडा, आणि तोही चुकीचा प्रश्न विचारणारा. साठच्या दशकातली तक्रार खरी निघाली ती कोणी 'आत्म्याला भिडणारा आवाज' म्हटलं म्हणून नव्हे. इंजिनियरांनी मोजमाप एका वॉटवर आणलं, ऑसिलोस्कोपवर उरलेल्या दोषाचा आकार पाहिला, आणि तो तिथे होता. म्हणून ती दुरुस्तही करता आली. कानानं बोट दाखवलं, मीटरनं जागा सापडवली. खऱ्या तक्रारीचा प्रवास असाच होतो. जी तक्रार वर्षानुवर्षं कुठल्याच मापात उतरत नाही, आणि डोळे मिटले की नाहीशी होते, ती तक्रार नसते. जाहिरात असते.

मग व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प वेगळे वाजतात ते? काही खरंच वेगळे वाजतात. यात कसलं गूढ नाही, ओहमचा नियम आहे. ८ ओहम लिहिलेला स्पीकर प्रत्येक सुराला ८ ओहम नसतो. कुठे ४ होतो, कुठे ३०. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला अडथळा ०.०५ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे या चढउताराचा त्याच्यावर एका डेसिबलच्या दहाव्या भागाइतकाही परिणाम होत नाही. पण ज्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा अडथळा २ ओहम आहे, त्याच्यावर तोच स्पीकर काही सुरांना ३ डेसिबल जास्त वाजेल. तीन डेसिबल कोणालाही ऐकू येतात. म्हणजे त्या 'उबदार' आवाजात अ‍ॅम्पनं गुपचूप टोन कंट्रोल फिरवलेला असतो. कोणाला तो आवडला तर आवडू दे. पण मग टोन कंट्रोलचे पैसे घ्या, रूहानियतचे नको.

याचा पुरावा अमेरिकेत १९८५ साली जाहीरपणे दिला गेला. डिझायनर बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' या मासिकाचं आव्हान घेतलं: तुम्ही निवडा तो महागडा अ‍ॅम्प आणा, माझा कित्येक पट स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मी तसाच वाजवून दाखवतो. संपादकांनी व्हॉल्व्हचा एक मोठा अ‍ॅम्प आणला. कार्व्हर यांनी पद्धत वापरली ती अशी: दोन्ही अ‍ॅम्पना एकच गाणं द्यायचं आणि त्यांच्या आउटपुटमधला फक्त फरक ऐकायचा. दोघं हुबेहूब सारखे असतील तर शांतता. ते स्वतःच्या अ‍ॅम्पमध्ये बदल करत गेले आणि फरक सुमारे ७० डेसिबल खाली नेला, म्हणजे मूळ सिग्नलच्या तीन हजाराव्या भागाच्याही आत. मग ज्या संपादकांचा धंदाच बारीक फरक ऐकण्याचा, त्यांनाही दोघांत फरक सांगता येईना. पुढे बाजारात आलेलं मॉडेल त्या नमुन्याइतकं जुळतं का यावरून बराच वाद झाला, पण मूळ मुद्दा तसाच राहतो. ज्याला 'जादू' म्हणत होते ती मोजता आली आणि नक्कलही करता आली.

आता कानाकडे. कान कमजोर आहे असं मी म्हणत नाही. फोनवर दोन शब्द ऐकून आपण सांगतो की बहीण आज रडलेली आहे. असा कान कोणत्या प्रयोगशाळेत नाही. पण तो एकटा काम करत नाही. डोळे, किंमत, दुकानदाराचं बोलणं, सगळं त्याच्यासोबत ऐकत असतं. शिवाय त्याला एक खास खोड आहे. दोनपैकी एक आवाज किंचित मोठा असेल, अर्धा डेसिबल वगैरे, तर कान 'मोठा आहे' असं म्हणत नाही. 'जास्त स्वच्छ आहे, जास्त भरीव आहे' असं म्हणतो. बेलच्या प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाजाची पातळी बदलली की खालचे आणि वरचे सूर आपल्याला वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. व्हॉल्यूम जुळवल्याशिवाय दोन अ‍ॅम्पची तुलना करणारा दुकानदार एकतर अडाणी असतो किंवा फार हुशार.

आम्ही शिक्षक बोर्डाचे पेपर तपासतो तेव्हा उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, शाळेचंही नसतं. का? परीक्षक बेइमान असतात म्हणून नाही. इमानदार परीक्षकाचाही हात ओळखीच्या नावापाशी नकळत हलतो, हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून. नाव झाकणं हा परीक्षकाचा अपमान आहे असं कोणी म्हणत नाही. मग अ‍ॅम्पचं नाव झाकून ऐका म्हटलं की या लोकांना एवढा राग का येतो?

झाकून ऐकण्याची पद्धत साधी आहे. ए आणि बी हे दोन अ‍ॅम्प माहीत, आणि एक्स म्हणजे त्यातलाच एक, कोणता ते ठाऊक नाही. ऐकून ओळखायचा. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये यासाठीचा स्विच आणि पद्धत रीतसर मांडली. सोळा वेळा करा. नाणं उडवणाऱ्यालाही आठ बरोबर मिळतील. बारा किंवा जास्त बरोबर आले तर मानू, कारण नुसत्या नशिबानं तेवढे येण्याची शक्यता शंभरात चारांपेक्षा कमी. जानेवारी १९८७ च्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकात अशी एक मोठी चाचणी छापून आली. साध्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या अ‍ॅम्पपर्यंत, आणि ऐकणाऱ्यांत फरक मानणारेही होते. आवाजाची पातळी जुळवली, नावं झाकली, आणि नाणं उडवल्यासारखे निकाल आले.

यावर ठरलेली उत्तरं येतात. 'परीक्षेचा ताण येतो.' ठीक आहे, ताण घेऊ नका. महिनाभर घरी ठेवा, चहा पीत ऐका. अट एकच, डब्यावर चादर आणि आत कोणता अ‍ॅम्प ते तुम्हाला माहीत नाही. 'तुमच्या स्पीकरमधून बारकावे येतच नाहीत.' मग तुमचे स्पीकर आणा, तुमची खोली घ्या, तुमचं गाणं लावा. 'संगीत भावनेची गोष्ट आहे.' अगदी. पण भावना गाणाऱ्याच्या गळ्यात असते. अ‍ॅम्प हा पोस्टमन आहे. त्यानं पत्र न फोडता पोचवावं, मधे स्वतःचे दोन अश्रू गाळू नयेत.

आता आकड्यांच्या भक्तांसाठी थोडा हिशेब. ०.०१ टक्के म्हणजे मूळ आवाजाच्या ८० डेसिबल खाली. तुम्ही ८५ डेसिबलला, म्हणजे चांगल्या मोठ्या आवाजात गाणं ऐकताय तर ते डिस्टॉर्शन आलं ५ डेसिबलवर. पंखा बंद, खिडकी बंद, रात्रीची शांत खोली तीस डेसिबलच्या आसपास असते. वर त्या दोषाला मूळ गाण्याचा आवाज झाकतोय ते वेगळंच. तुमच्या स्पीकरचं स्वतःचं डिस्टॉर्शन बेसमध्ये सहज काही टक्के असतं. ज्या कॅसेटवर आपण कव्वाल्या ऐकून वाढलो, तिची कमाल पातळीच मुळी ३ टक्के डिस्टॉर्शनवर ठरवत. म्हणून ०.०१ आणि ०.०००५ यांतला फरक इंजिनियरच्या कारागिरीला दाद देण्यासारखा आहे, ऐकण्यासाठी पैसे देण्यासारखा नाही. ९८.२ टक्क्यांच्या मुलापेक्षा ९८.४ चा हुशार, असं मानणारा पालक आणि हे भक्त एकाच जातीचे.

हे सगळं घरातल्या शौकिनांपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. पण हाच गोंधळ आपल्या शाळांच्या सभागृहांत, मशिदींत, मंगल कार्यालयांत, मुशायऱ्यांच्या मंडपांत आहे, आणि तिथे पैसा चंद्याचा, वर्गणीचा असतो. तक्रार येते: बोललेलं कळत नाही. कमिटी बसते आणि विचारते, अ‍ॅम्प किती वॉटचा आहे? अडीचशेचा काढून पाचशेचा बसतो. म्हणजे तीन डेसिबल. आता न कळणारं बोलणं जरा मोठ्यानं ऐकू येतं.

कारण दोष अ‍ॅम्पमध्ये नव्हताच. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर घुमट किंवा पत्रा. एका स्वराचा घुमारा विरायच्या आत पुढचं व्यंजन येतं आणि त्यात बुडून जातं. काफ आणि क़ाफ, ट आणि ठ, प आणि ब यांतले फरक क्षणभराचे आणि हळू आवाजाचे असतात. तेच आधी मरतात. भाषा शिकवणाऱ्याला याचं दुःख जास्त होतं. आणि याचंही माप आहे. नेदरलँड्समध्ये हाउटगास्ट आणि स्टीनेकन यांनी सत्तरच्या दशकात बोलणं किती कळेल हे शून्य ते एकमध्ये सांगणारा निर्देशांक तयार केला. माणसांना शब्द ऐकवून किती कळले ते पाहायचं, आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून घ्यायचा, अशी त्याची घडण. माप कानापासून सुरू झालं, म्हणून ते सप्रमाण आहे. तिथे उपाय दिसतो तो वॉटचा नसतो: कोपऱ्यातल्या दोन मोठ्या भोंग्यांऐवजी लहान स्पीकर जास्त, ऐकणाऱ्यांच्या जवळ, त्यांच्याकडे वळवलेले. जमिनीवर जाजम, भिंतीवर जाड पडदे. आवाज उलट कमीच ठेवायचा. अ‍ॅम्प जुना चालेल.

तेव्हा पुढच्या वेळी अ‍ॅम्प घ्यायला जाल, घरासाठी किंवा संस्थेसाठी, तर वॉट ऐकून हरखू नका. विचारा: सलग किती, किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनला? एका वॉटला डिस्टॉर्शन किती? आतला अडथळा किती? आणि दोनांत निवडायचं असेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे. मोबाईलवरून ४०० हर्ट्झचा सूर लावा, स्पीकरच्या टोकांवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा, आणि दोन्ही अ‍ॅम्पचे व्होल्ट दोन टक्क्यांच्या आत जुळवा. सोबत आलेल्या मित्राला सांगा, नाणं उडवून अ‍ॅम्प बदल आणि मला सांगू नकोस. मग मनसोक्त ऐका, तुमच्या आवडीचं गाणं लावून.

फरक ओळखता आला तर आनंदानं घ्या. दुकानदार पडदा लावू द्यायलाच तयार नसेल, तर त्याला काय माहीत आहे ते तुम्हालाही कळलं. पैसे खिशात ठेवा आणि दुसऱ्या दुकानात जा.